मुलाला रेसट्रॅकवरच्या शाळेत पाठवू का?

पत्र

माझा मुलगा २१ वर्षांचा आहे, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. मिस्टर मर्चंट नेव्हीत आहेत, त्यामुळे वर्षातले सहा-सात महिने घरातले निर्णय मलाच घ्यावे लागतात. गाडी एकच, २०२१ची पोलो, टर्बो पेट्रोल. मीही ती रोज चालवते. चेंबूरहून मुलुंडला शाळेत शिकवायला जाते आणि मला ड्रायव्हिंग मनापासून आवडतं.

गेल्या महिन्यात मोबाइलवर ओव्हरस्पीडिंगचं ई-चलान आलं. पाम बीच रोड, रात्रीची वेळ. विचारल्यावर त्याने काही लपवलं नाही. शनिवारी रात्री मित्र आपापल्या गाड्या घेऊन जमतात, मग शर्यती लागतात. मी खूप रागावले. दोन दिवसांनी तोच म्हणाला, "आई, मला चेन्नईच्या रेसट्रॅकवरच्या ड्रायव्हिंग स्कूलला जाऊ दे. तिथे एकदा मनसोक्त चालवली की मी रस्त्यावर असलं काही करणार नाही." पोलो घेऊनच जाणार म्हणतो. सोबत एक मित्र असेल.

हे खरं मानावं का? की आगीत तेल ओतल्यासारखं होईल? अशा शाळांत नेमकं काय शिकवतात, ते कितपत सुरक्षित असतं, आपली गाडी न्यावी का, आणि बोटीवर असलेल्या नवऱ्याला यातलं काय सांगावं?

— एक आई, चेंबूर

उत्तर

नमस्कार,

त्याला शाळेत पाठवा. पण "मग मी रस्त्यावर करणार नाही" या बोलीवर पाठवू नका. हा सौदा त्याने प्रामाणिकपणे मांडला असेल, तरी तो टिकणारा नाही.

त्यामागचं कारण सांगतो. नॉर्वेत १९७९पासून नव्या चालकांना घसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचं प्रशिक्षण सक्तीचं केलं होतं. अपघात कमी होतील, अशी सरळ अपेक्षा होती. पुढे त्याचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की तरुण पुरुषांचे घसरड्या रस्त्यावरचे अपघात उलट वाढले होते. गाडी सुटली तर सावरता येते, असं वाटायला लागलं आणि पोरं वेगात जाऊ लागली. नंतर तिकडच्या देशांनी अभ्यासक्रमाचा रोखच बदलला. सावरण्याची कसरत शिकवण्यापेक्षा, किती वेगाला गाडी कुणाच्याच हातात राहत नाही हे दाखवण्यावर भर दिला. शाळा निवडताना हाच फरक तुम्हाला पाहायचा आहे, त्याकडे पुढे येतो.

आधी पाम बीच रोडबद्दल. तुमचा मुलगा रात्री तिथे जातो तो एकटा जात नाही. बघणारे असतात, मोबाइलवर शूट करणारे असतात, "काय रे, घाबरलास का?" म्हणणारे असतात. ट्रॅकवर यातलं कुणी नसतं. शेजारच्या सीटवर हेल्मेट घातलेला इन्स्ट्रक्टर असतो आणि तो सारखं एकच सांगत असतो: हळू, आणखी हळू, आता नजर वर. त्यामुळे मुलाला एकदा शांतपणे विचारा: तुला गाडी चालवायला आवडते, की चालवताना कुणी बघितलेलं आवडतं? उत्तर लगेच मागू नका. गाडी चालवण्याचीच गोडी असेल, तर त्याला ट्रॅक आवडेल आणि पाम बीच हळूहळू पोरकट वाटायला लागेल. बघणाऱ्यांची गोडी असेल, तर चेन्नईहून आल्यावर दाखवायला त्याच्याकडे चार नव्या करामती असतील, एवढाच फरक पडेल. ही सवय घरातच मोडायला हवी. शाळेची फी भरून ते काम दुसऱ्यावर सोपवता येत नाही.

सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, दुसऱ्या वेळी एक वर्षापर्यंत कैद. या वेळी वेगाचं चलान आलं, शर्यतीचं कलम लागलं नाही, हे त्याचं नशीब. शेवटच्या वर्षाला असलेल्या, उद्या पासपोर्ट आणि नोकरीसाठी पोलीस पडताळणी करून घ्यावी लागणाऱ्या मुलाला हे कलम वाचायला द्या. कोण्या पादचाऱ्याचा जीव जाऊ शकतो, हे तर त्याहून आधी सांगा.

आता शाळेत काय शिकवतात ते. हा माझा आवडीचा भाग आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सकाळ वर्गात जाते आणि पहिली गोष्ट असते बसायची पद्धत. पाठ सीटला टेकलेली ठेवून हात पुढे केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर यायला हवं. ब्रेक पूर्ण दाबला तरी गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनवर. आपल्याकडे निम्मे लोक आरामखुर्चीत रेलल्यासारखे बसून गाडी चालवतात आणि ऐन वेळी ब्रेक दाबायला पायात जोरच येत नाही. एवढी एकच गोष्ट शिकून मुलगा परत आला, तरी फुकट गेलं म्हणू नका.

दुसरी गोष्ट नजर. गाडी आपण बघतो तिकडे जाते, हे शंभर वेळा ऐकलेलं असतं, पण ट्रॅकवर ते अंगात भिनतं. वळणात शिरायच्या आधीच डोळे वळणाच्या शेवटाकडे गेलेले असावे लागतात. नवशिका बोनेटच्या पुढचे दहा मीटर बघत राहतो आणि मग सगळंच अचानक अंगावर आल्यासारखं होतं.

मग येतो ब्रेक. तुमच्या २०२१च्या गाडीत एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, आहेच, पण ब्रेक पूर्ण ताकदीने दाबून एबीएस कसं काम करतं हे बहुतेकांनी कधी अनुभवलेलंच नसतं. पेडल पायाखाली थरथरतं, कर्रकर्र आवाज येतो आणि माणूस घाबरून पाय उचलतो. शाळेत प्लास्टिकचे शंकू (कोन) लावून हाच सराव करून घेतात: वेगात या, ठरलेल्या खुणेवर पूर्ण ब्रेक, पाय उचलायचा नाही, आणि ब्रेक दाबलेला असतानाच स्टिअरिंग वळवून अडथळा चुकवायचा. सोबत थोडं गणितही येतं. ताशी ८०ला गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते, १२०ला ३३ मीटर. वेग दीडपट झाला, पण थांबवायची ऊर्जा सव्वादोनपट होते. कागदावर हे मुलाला माहीतच असेल, इंजिनीअर होतोय. पण आपण ब्रेक दाबूनसुद्धा गाडी कोनांच्या पार पुढे जाऊन थांबते, तेव्हा ते त्याला पहिल्यांदा खरं वाटेल.

दुपारी रेसिंग लाइन. बाहेरून वळणात शिरायचं, आतल्या कडेला जिथे गाडी सर्वात जवळ येते तो एपेक्स गाठायचा, मग गाडी बाहेर सोडायची. नवशिक्यांना एपेक्स थोडा उशिरा घ्यायला सांगतात, म्हणजे वळणाच्या शेवटी जागा कमी पडत नाही. ब्रेकचं काम सरळ रेषेत उरकायचं, मग वळायचं. टायरची पकड म्हणजे महिन्याचा ठरावीक पगार: सगळा ब्रेकवर उडवला, तर वळायला काही उरत नाही. पोलोसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत वेग जास्त झाला की आधी पुढचं तोंड सुटतं, स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच जाते. घाबरून आणखी स्टिअरिंग फिरवलं तर काही उपयोग नाही. आणि त्याच घाबरण्यात वळणाच्या मध्यावर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय झटक्यात काढला, तर वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडी गिरकी घेऊ शकते. ट्रॅकवर अशा वेळी बाजूला मोकळी जागा असते, खडीचा पट्टा असतो. पाम बीचवर दुभाजक असतो, दिव्याचे खांब असतात, खाडीच्या बाजूला पहाटे चालायला येणारी माणसं असतात.

चांगल्या शाळेत पहिल्या दिवशी लॅप टाइम, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीला लागलेला वेळ, सांगतच नाहीत. "किती सेकंदांत मारला?" हा प्रश्न डोक्यात शिरला की शिकणं थांबतं.

सुरक्षिततेचं विचारलंत. धोका शून्य नसतो आणि तसं कुणी सांगितलं तर त्या शाळेत जाऊ नका. पण सगळ्या गाड्या एकाच दिशेने जातात, समोरून कुणी येत नाही, रस्त्यात कुत्रा किंवा स्कूटर येत नाही, अ‍ॅम्ब्युलन्स उभी असते आणि जागोजागी झेंडे घेऊन मार्शल असतात. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, हळू व्हा, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सत्र थांबलं, सावकाश पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या थांबवायच्या जागेत, या. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येते आहे. शाळेच्या सत्रांत ओव्हरटेक ठरलेल्या सरळ पट्ट्यावरच आणि पुढच्याने हात दाखवल्यावरच करायचा असतो. हे नियम मोडणाऱ्याला घरी पाठवतात की नाही, हे शाळेला आधीच विचारा. उत्तर ठाम "हो" असायला हवं.

पोलो न्यायची का? पहिल्या वेळी अजिबात नको. याबाबत मी आग्रही आहे.

पहिलं कारण विमा. तुमची पॉलिसी काढा आणि वापरावरच्या मर्यादांचा परिच्छेद वाचा. ऑर्गनाइज्ड रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग, रिलायबिलिटी ट्रायल्स हे सगळं त्यात वगळलेलं असतं. "ही शर्यत नव्हती, शाळा होती" हा वाद गाडी भिंतीवर आदळल्यानंतर घालण्यात अर्थ नाही. दुसरं कारण ब्रेक. ब्रेक फ्लुइड, म्हणजे ब्रेकमधलं तेल, हवेतला ओलावा शोषतं आणि मुंबईच्या हवेत ओलाव्याला तोटा नाही. डॉट ४ दर्जाचं फ्लुइड ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरल्यावर प्रमाणित मर्यादाच १५५ अंशांवर येते. ट्रॅकवर पाच-सहा लॅपमध्ये ब्रेक इतके तापतात की जुनं फ्लुइड उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल तळाला जातं. तिसरं कारण म्हणजे जाण्यायेण्याचा प्रवास. मुंबई ते चेन्नई तेराशे किलोमीटरच्या वर आहे. दोन मुलगे आळीपाळीने चालवत जाणार, दमलेल्या अंगाने ट्रॅकवर उतरणार आणि झिजलेल्या टायर-ब्रेकवर परत येणार. यात मला सर्वात जास्त भीती परतीच्या रात्रीची वाटते. ट्रेनने जा किंवा विमानाने, आणि गाडी शाळेचीच घ्या. ती महाग पडते, पण तिच्यात रोलकेज (गाडी उलटली तरी आतल्याला वाचवणारी पोलादी चौकट) आणि नीट पट्टे असतात, आणि ती कुणाच्या बाबांची नसते, त्यामुळे मन शिकण्यावर राहतं. मात्र शाळेच्या गाडीचं नुकसान झालं तर भरपाई किती, हे सही करण्याआधी लेखी घ्या.

पुढेमागे कधी आपली गाडी नेलीच, तर फ्लुइड ताजं, पॅड आणि टायर नीट बघितलेले, चाकांचे नट टॉर्क रेंचने तपासलेले, आणि गाडी आतून रिकामी. फ्लोअर मॅट, पाण्याच्या बाटल्या, डॅशबोर्डवरचा गणपती, सगळं काढून पिटमध्ये ठेवायचं. शेवटचा लॅप सावकाश मारून ब्रेक थंड करायचे आणि उभी केल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, गाडी गिअरमध्ये ठेवायची.

कुठे जायचं? मुंबईत मोटारींचा कायमस्वरूपी रेसट्रॅक नाही. मुलगा म्हणतो तो चेन्नईचा ट्रॅक श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईला आहे, ३.७ किलोमीटरचा, मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा. देशातल्या बहुतेक शर्यती आणि प्रशिक्षणं तिथे किंवा कोईम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर होतात. करी २.१ किलोमीटरचा, छोटा आणि वळणावळणांचा. शिकायला तो मला फार आवडतो, कारण वेगापेक्षा नेमकेपणाला तिथे किंमत आहे. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१ किलोमीटरचा. २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन तिथेच झाली. नाव मोठं आहे, पण लांबलचक सरळ पट्ट्यावर पाय दाबून धरण्यात नवशिक्याला शिकण्यासारखं फारसं काही नसतं. गाडी कंपन्यांचे एका दिवसाचे 'एक्सपिरियन्स' कार्यक्रम असतात, ते मजेचे असतात. त्यांना शाळा समजू नका.

पण चेन्नईच्याही आधी माझं ऐका: कार्टिंग, म्हणजे जमिनीलगतच्या छोट्या उघड्या रेसगाड्या चालवणं. वडाळ्याला कार्टिंगचा ट्रॅक आहे, चेंबूरहून जवळच. आधी फोन करून वेळ ठरवा आणि चार-सहा रविवार जाऊ द्या. कार्टला सस्पेन्शन नसतं, भाड्याच्या कार्टला ताकद बेताची असते, त्यामुळे लाइन चुकली की लगेच वेग मरतो आणि चूक कुणावर ढकलता येत नाही. आवड टिकली तर कोल्हापूर आहे. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री बसलात की सकाळी कोल्हापूर. तिथल्या मोहित्यांच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आहेत. आपल्या मुंबईचा जेहान दारूवाला कार्टिंगमधूनच वर आला आणि फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीच्या, फॉर्म्युला टूच्या शर्यती जिंकला. नारायण कार्तिकेयनने १९९२मध्ये फ्रान्सच्या विनफील्ड रेसिंग स्कूलमध्ये धडे घेतले आणि २००५मध्ये तो भारताचा पहिला फॉर्म्युला वन ड्रायव्हर झाला. तुमच्या मुलाने तिथपर्यंत जावं असं मी म्हणत नाही. पण रविवारी सकाळी उठून जायला तो तयार होतो का, हे कळेल. शनिवारी रात्री जागून ते जमणार नाही, हाही त्यातला फायदाच.

शाळेला विचारायचे प्रश्न थोडेच. एका इन्स्ट्रक्टरमागे किती विद्यार्थी? तो शेजारी बसतो की पिटमधून हात हलवतो? दिवसभरात प्रत्यक्ष ट्रॅकवर किती मिनिटं मिळतात? ब्रेकिंगचा सराव वेगळा असतो की थेट लॅप? नॉर्वेची गोष्ट आठवा: "आम्ही ड्रिफ्ट (गाडी मुद्दाम घसरवत वळवणं) शिकवतो" अशी जाहिरात करणारी शाळा २१ वर्षांच्या मुलासाठी मी निवडणार नाही. शाळेतले प्रशिक्षक एफएमएससीआयच्या म्हणजे मोटर स्पोर्ट्स क्लबांच्या राष्ट्रीय महासंघाच्या शर्यतींत उतरलेले आहेत का, तेही बघा. पुढे स्वतः शर्यतीत उतरायचं तर याच महासंघाचं लायसन्स काढावं लागतं. ते नंतरचं.

खर्चाचा आकडा मी देत नाही, तो शाळेगणिक आणि गाडीगणिक फार बदलतो. फीमध्ये गाडी, इंधन, टायर, हेल्मेट, जेवण यातलं काय धरलंय ते विचारा. हेल्मेट भाड्याने मिळतं का हेही. अंगात सुती कपडे, पूर्ण बाह्या, पायात पातळ सोलचे बंद बूट. चेन्नईचा मे टाळा, ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे परतीचा पाऊस असतो. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम, शेवटच्या वर्षाच्या परीक्षांच्याही आधी. आणि निम्मी फी त्याने भरावी. शिकवण्या घेऊन, सुट्टीत काम करून, कशीही. चलानाचे पैसे मात्र पूर्ण त्याचेच.

आता माझी एक विनंती. मित्राऐवजी त्याच्यासोबत तुम्ही जा, आणि पिटच्या भिंतीमागे पर्स सांभाळत बसू नका, नाव नोंदवा. तुम्ही रोज चेंबूर ते मुलुंड गाडी चालवता, तुम्हाला ते आवडतं, असं तुम्हीच लिहिलंय. या शाळांना वयाची वरची अट सहसा नसते. बायका येतात, पन्नाशीचे लोक येतात, आणि माझा अनुभव असा की मोठ्या वयाचे विद्यार्थी लवकर सुधारतात, कारण ते इन्स्ट्रक्टरचं ऐकतात. दुसरा फायदा घरचा आहे. तुम्ही स्वतः ब्रेक पूर्ण दाबून गाडी थांबवली असेल, वळणात पुढचं तोंड सुटताना अनुभवलं असेल, तर पुढच्या वेळी मुलाशी बोलताना "हळू चालव रे" याच्यापलीकडे तुमच्याकडे बोलायला काहीतरी असेल. आणि तोही तुमचं वेगळ्या कानांनी ऐकेल.

परत आल्यावरची व्यवस्था आधीच ठरवा. पहिले काही आठवडे रात्री दहानंतर गाडीची किल्ली तुमच्याकडे. शिक्षा म्हणून नव्हे, हे त्याला समजावून सांगा: ट्रॅकवरून आलेल्या माणसाला रस्त्यावरचा ताशी ८०चा वेग काही दिवस फार कमी वाटतो, डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागतो. पुन्हा शर्यतीचं काही कानावर आलं, तर ट्रॅकही बंद आणि गाडीही बंद. हे आत्ताच, जायच्या आधी, दोघांनी मान्य केलेलं असू दे.

मिस्टरांना बुकिंगच्या आधी सगळं सांगा, चलानासकट. बोटीवर नेट मिळालं की शाळेचं हमीपत्र त्यांना पाठवा आणि शांतपणे वाचायला सांगा, त्यात दुखापतीची जबाबदारी कुणाची हे लिहिलेलं असतं. मुलाची आणि तुमची आयुर्विमा किंवा अपघात विमा पॉलिसी असेल, तर मोटर स्पोर्ट त्यात वगळलंय का, हे कंपनीला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवर "हो हो, चालतं" असं सांगितलं गेलं, तर तेवढ्यावर थांबू नका.